अमेरिकेतल्या गे बारमध्ये पहिल्यांदा जाताना: दारापासून शेवटच्या ऑर्डरपर्यंत

शिकागोत आलो त्या वर्षी सप्टेंबर ते मार्च मी नॉर्थ हॉलस्टेड स्ट्रीटवरून नुसता चालत राहिलो. रेड लाइनमधून बेलमाँटला उतरायचं, पाच मिनिटं चालायचं, इंद्रधनुषी कडी असलेल्या खांबांपाशी यायचं, पलीकडच्या फुटपाथवरून बारच्या दारांकडे बघत पुढं जायचं आणि त्याच गाडीनं परत यायचं. पोलिसांची भीती नव्हती आणि घरचे तर मिरजेत होते. भीती वाटायची ती आत गेल्यावर काय करायचं याची. उभं कुठं राहायचं, पैसे कधी द्यायचे, कुणी बोललं तर काय बोलायचं, कुणीच बोललं नाही तर हात कुठं ठेवायचे?

मला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं ते सगळं इथं लिहितो आहे. शिकायला किंवा नोकरीला अमेरिकेत आलेल्या, स्वतःला गे, लेस्बियन, बायसेक्शुअल, ट्रान्स म्हणवणाऱ्या किंवा अजून काहीच न म्हणवणाऱ्या मराठी माणसांसाठी हा लेख आहे. सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर एवढंच लक्षात ठेवा: एक बार निवडा, एक वार निवडा, आणि त्या वारी त्याच बारमध्ये निदान चार वेळा जा. गावातला कट्टा एका संध्याकाळी आपला होत नाही, तसंच इथंही आहे.

'बार' या शब्दाचं ओझं

आपल्याकडे बार म्हटलं की डोळ्यांपुढं परमिट रूम येते. काळोखी खोली, टेबलं, ऑर्डर घ्यायला येणारा वेटर, चकणा, आणि चांगल्या घरातली माणसं जिथं जात नाहीत अशी जागा. ते चित्र इथं उपयोगाचं नाही. अमेरिकन गे बारमध्ये मुख्य जागा काउंटरची. तुमच्याकडे कुणी येत नाही, तुम्हीच काउंटरपाशी जायचं असतं. बरीच माणसं उभी असतात, ग्लास हातात घेऊन फिरतात. एकटं येणं ही तिथली सर्वांत साधी गोष्ट आहे. मला हे कळायला उशीर लागला. टेबलावर बसून वेटरची वाट बघत पहिली वीस मिनिटं घालवली.

दारू पिणं तर अजिबातच सक्तीचं नाही. नुसता सोडा आणि लिंबू मागितलं तरी कुणी भुवई उंचावत नाही. व्यसनातून बाहेर पडलेली किंवा औषधं चालू असलेली कितीतरी माणसं तिथं रोज हेच पितात. फक्त त्या सोड्यावरही टिप ठेवायची.

आधी वार, मग बार

बहुतेकजण उलटं करतात. शहरातला सर्वांत गाजलेला क्लब शोधतात आणि शनिवारी रात्री अकराला जाऊन धडकतात. तिथं स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही, सगळे आपापल्या कंपूत असतात, आणि एकटा आलेला नवखा माणूस 'मी इथला नाही' असं ठरवून अर्ध्या तासात बाहेर पडतो. पहिली भेट मंगळवारी किंवा बुधवारी, संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान ठेवा. बारटेंडरला वेळ असतो, गाणी बेताच्या आवाजात असतात, कामावरून परस्पर आलेली माणसं गप्पांच्या मूडमध्ये असतात.

त्याहून सोपी रविवारची दुपार. या दुपारीला इथं जुनी परंपरा आहे. काही ठिकाणी दुपारीच नाच सुरू होतो, त्याला टी डान्स म्हणतात. काही बारांत बिअर बस्ट असतो: ठरावीक पैसे भरा, मग बिअर हवी तेवढी, आणि जमलेल्या पैशातला वाटा एखाद्या सामाजिक कामाला. सॅन फ्रान्सिस्कोतल्या ईगल या लेदर बारचा रविवारचा बिअर बस्ट त्यासाठीच ओळखला जातो. नावाला घाबरू नका. चामड्याची जाकिटं घातलेली दाढीवाली मंडळी दुपारच्या उन्हात ज्या आपुलकीनं नव्या माणसाची चौकशी करतात, तशी मी फार थोड्या ठिकाणी पाहिली.

आता शहर. आपली माणसं जिथं राहतात तिथून हिशोब करू. फ्रीमाँट-सनीव्हेलकडून सॅन फ्रान्सिस्कोतलं कॅस्ट्रो, एडिसनकडून न्यूयॉर्कचं ग्रेनिच व्हिलेज किंवा हेल्स किचन, रेडमंड-बेलव्ह्यूकडून सिअॅटलचं कॅपिटल हिल, प्लेनो-फ्रिस्कोकडून डॅलसचं सीडर स्प्रिंग्ज, ह्यूस्टनमध्ये मॉन्ट्रोज, अटलांटात मिडटाऊन, वॉशिंग्टनमध्ये ड्युपाँट सर्कलचा परिसर. लॉस एंजेलिसजवळचं वेस्ट हॉलिवूड तर १९८४ मध्ये स्वतंत्र शहरच झालं आणि त्याच्या पहिल्या नगर परिषदेत समलिंगी सदस्यांचं बहुमत होतं.

पहिल्या भेटीसाठी मी नेहमी काचेच्या खिडक्यांचा बार सुचवतो. आत किती माणसं आहेत, कोणत्या वयाची आहेत, मोकळा स्टूल कुठं आहे, हे बाहेरूनच दिसतं. कॅस्ट्रो आणि मार्केट या रस्त्यांच्या कोपऱ्यावर ट्विन पीक्स टॅव्हर्न आहे. १९७२ मध्ये दोन मैत्रिणींनी तो चालवायला घेतला आणि रस्त्याच्या बाजूला मोठाल्या काचा बसवल्या. त्याआधी गे बारच्या खिडक्या रंगवून किंवा झाकून ठेवत, कारण आत बसलेला माणूस बाहेरून दिसला तर त्याची नोकरी जाऊ शकत होती. त्या काचेआड बसून कॉफी प्यायलो तेव्हा रस्त्यावरची माणसं आत बघत होती आणि मी त्यांच्याकडे बघत होतो. हॉलस्टेडच्या पलीकडच्या फुटपाथवरच्या माझ्या फेऱ्या तिथं मला आठवल्या.

बारचे प्रकार खूप आहेत, सगळ्यांची यादी देत नाही. गाण्याची आवड असेल तर पियानो बारइतकी सोपी जागा नाही. न्यूयॉर्कच्या ग्रोव्ह स्ट्रीटवरच्या तळघरात मेरीज क्रायसिस आहे. लोक पियानोभोवती उभे राहून संगीत नाटकांतली गाणी एकसुरात गातात. शब्द येत नसले तरी चालतं. ज्यांच्या घरात नाट्यसंगीताच्या बैठका झाल्या आहेत त्यांना तिथला उत्साह लगेच ओळखीचा वाटेल. शिकागोत साइडट्रॅक हा १९८२ पासून चालू असलेला बार आहे. तिथं शो ट्यून्सच्या, म्हणजे संगीत नाटकांतल्या गाण्यांच्या, रात्री पडद्यावर गाणी लागतात आणि सगळा बार सोबत गातो. डॅलसच्या राउंड-अप सलूनसारख्या कंट्री बारमध्ये काऊबॉय टोप्या घातलेले पुरुष जोडीनं टू-स्टेप नाचतात. बेअर बार म्हणजे अंगापिंडानं भरलेल्या, केसाळ पुरुषांचे. सुटलेल्या पोटाची लाज वाटत असेल तर तिथं जाऊन बघा.

स्त्रियांसाठीच्या जागा फार कमी उरल्या आहेत, सगळ्या देशात मिळून काही डझन. सिअॅटलचा वाइल्डरोज १९८४ पासून तग धरून आहे. न्यूयॉर्कमध्ये हेन्रिएटा हडसन आणि कबीहोल. तुमच्या शहरात असा बार नसेल तर मिश्र बारमधली स्त्रियांसाठी राखलेली रात्र शोधा. बहुतेक मोठ्या शहरांत महिन्यातून एकदा तरी असते.

खिशात काय हवं

ओळखपत्र. वय चाळीस असो की साठ, दारात ते मागतात. दारू पिण्याचं किमान वय २१. १९८४ च्या केंद्रीय कायद्यानं ते सगळ्या राज्यांना मान्य करायला लावलं. भारतातलं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा आधार कार्ड चालेल असं धरून चालू नका. पासपोर्ट चालतो, पण तो बारमध्ये हरवला तर वकिलातीच्या फेऱ्या आणि व्हिसाची कटकट मागं लागते. म्हणून अमेरिकेत स्थिरावल्यावर पहिल्या काही आठवड्यांत राज्याचं ओळखपत्र किंवा लायसन्स काढून घ्या. मुदत संपलेलं कार्ड चालत नाही आणि मोबाइलमधला फोटोही चालत नाही.

वीस-तीस डॉलर रोख ठेवा, त्यातल्या दहा तरी एकेकाच्या नोटा. त्या कशाला हे पुढं सांगतो. क्रेडिट किंवा डेबिट कार्ड एकच न्या. फोन पूर्ण चार्ज करा, कारण परतीची गाडी त्याच्यावरच मागवायची आहे. थंडीच्या शहरांत जाड कोट कोट चेकला ठेवतात. थोडे डॉलर द्यावे लागतात, बिल्ला मिळतो. त्या बिल्ल्याचा लगेच फोटो काढून ठेवा.

कपड्यांची काळजी सोडा. स्वच्छ टी-शर्ट आणि जीन्स नव्वद टक्के ठिकाणी पुरते. लेदर बारच्या काही खास रात्रींना पोशाखाचा नियम असतो, तो आधी बघून जा.

दारात

दारावरचा माणूस ओळखपत्र घेतो, कधी त्यावर दिवा मारतो, परत देतो. तो हसला नाही तर ते मनाला लावून घेऊ नका. शुक्रवार-शनिवारी नाचाच्या जागी कव्हर, म्हणजे आत जायचे पैसे, असतं, साधारण पाच ते वीस डॉलर. मनगटावर शिक्का किंवा पट्टी बांधतात, म्हणजे बाहेर हवा खाऊन परत येता येतं. आठवड्याच्या मधल्या दिवशी बहुतेक ठिकाणी काही लागत नाही.

ते दार ओलांडताना मला दर वेळी न्यूयॉर्कचा स्टोनवॉल इन आठवतो. १९६० च्या दशकात तो माफियांच्या ताब्यात होता. दाराला झरोका होता, आतला माणूस त्यातून बघून आत सोडायचा, आणि खासगी क्लब असल्याचा देखावा ठेवण्यासाठी वहीत नाव लिहावं लागे. कुणी खरं नाव लिहीत नसे. काउंटरमागं वाहतं पाणीसुद्धा नव्हतं. २८ जून १९६९ च्या पहाटे तिथं पोलिसांची धाड पडली आणि त्या वेळी गिऱ्हाइकं मुकाट्यानं पांगली नाहीत. पुढं कित्येक रात्री क्रिस्टोफर स्ट्रीटवर गर्दी उसळत राहिली. २०१६ मध्ये त्या परिसराला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. बार आजही चालू आहे. दारात तुमचं खरं नाव असलेलं कार्ड बघतात आणि आत सोडतात, एवढ्या साध्या गोष्टीमागं हे सगळं आहे.

काउंटरवर

आत गेल्यावर दारातच थबकू नका, मागच्यांची वाट अडते. सरळ काउंटरकडे जा. काउंटरला कोपरा असेल तर कोपऱ्याजवळचा स्टूल पकडा. सरळ रेषेत बसलेल्या माणसाशी बोलायला मान वळवावी लागते, कोपऱ्यावर समोरचा आपसूक नजरेत येतो. ही माझी वीस वर्षांची सर्वांत उपयोगी युक्ती आहे.

बारटेंडरला हाक मारू नका, नोट हलवू नका, चुटकी तर मुळीच वाजवू नका. नजरेला नजर मिळेपर्यंत थांबा. तो समोर आला की ऑर्डर तयार हवी: 'व्होडका सोडा', 'जिन टॉनिक', अमुक बिअर. ब्रँडचं नाव नाही घेतलं तर तो स्वस्तातली दारू ओततो, तिला वेल म्हणतात. गे बारमध्ये हात सैल असतो, पेग मोठा पडतो. पहिला ग्लास सावकाश संपवा आणि मध्ये एक ग्लास पाणी मागा. पाणी फुकट मिळतं.

मग तो विचारतो, टॅब उघडा ठेवू की बंद करू? उघडा म्हणजे कार्ड त्याच्याकडे किंवा यंत्रात नोंदलेलं, शेवटी एकदम बिल. बंद म्हणजे प्रत्येक ग्लासाला वेगळे पैसे. पहिल्या भेटीत बंद ठेवा. कधीही उठून निघता येतं, आणि कार्ड विसरून घरी जाण्याचा प्रश्न राहत नाही.

टिप ऐच्छिक आहे असं समजू नका. बारटेंडरचं घर टिपवर चालतं. बिअरला एक डॉलर, कॉकटेलला दोन, टॅब असेल तर एकूण बिलाच्या वीस टक्के. पहिल्याच ग्लासावर नीट टिप ठेवली तर पुढच्या वेळी तुमचा चेहरा लक्षात राहतो. न्यूयॉर्कच्या जुन्या बारांत दोन-तीन ग्लासांनंतर एखादा बारटेंडर स्वतःहून एक ग्लास फुकट देतो. त्यावरही टिप ठेवतात.

एखाद्यानं तुमच्यासाठी ग्लास सांगितला तर तुमच्यापुढं कधी उपडा छोटा ग्लास किंवा टोकन येतं. म्हणजे पुढची दारू तुमच्या नावावर जमा आहे. घ्या, देणाऱ्याकडे बघून ग्लास उंचावा. नको असेल तर 'नो, थँक यू' पुरतं. घेतलात म्हणून त्याचं कसलंही देणं लागत नाही. आपल्याकडच्या आदरातिथ्याच्या सवयीमुळं नाही म्हणणं जड जातं, हे मला माहीत आहे. पण इथं ते शिकावंच लागतं.

दारू मागायला कुणी का घाबरावं, असं आज वाटतं. २१ एप्रिल १९६६ ला न्यूयॉर्कमध्ये मॅटाशीन सोसायटी या समलिंगींच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनेचे डिक लाइट्श आणि त्यांचे साथीदार पत्रकारांना बरोबर घेऊन बारमागून बार फिरले. प्रत्येक ठिकाणी सांगायचं, आम्ही समलिंगी आहोत, सभ्यपणे बसलो आहोत, आम्हाला दारू द्या. समलिंगी माणसांची हजेरी म्हणजेच 'गैरशिस्त' असं मानून परवाने रद्द होत असत. शेवटी ज्युलियस या बारमध्ये बारटेंडरनं ओतायला घेतलेल्या ग्लासावर हात ठेवून नकार दिला, आणि तो क्षण छायाचित्रात टिपला गेला. ज्युलियस वेस्ट टेन्थ स्ट्रीटवर अजून आहे. तिथला बर्गर चांगला असतो.

दारूच्या ग्लासातून राजकारणही झालं. १९७७ मध्ये फ्लोरिडात संत्र्याच्या रसाची जाहिरात करणारी गायिका अनिता ब्रायंट समलिंगींच्या हक्कांविरुद्ध मोहीम चालवत होती, तेव्हा देशभरच्या गे बारांनी संत्र्याचा रस वापरणंच थांबवलं. व्होडकात सफरचंदाचा रस घालून ते पेय विकलं आणि पैसे हक्कांच्या लढ्याला दिले.

बोलणं

इथं अनोळखी माणसाशी बोलायला निमित्त लागत नाही, पण सुरुवात लहान हवी. 'कसा चाललाय आठवडा?' 'हे काय पिताय?' 'आज इथं काही कार्यक्रम आहे का?' एवढं पुरतं. 'मी पहिल्यांदाच आलोय' हे सांगायला लाजू नका. मी ते दुसऱ्या भेटीत सांगितलं तेव्हा शेजारी बसलेल्या साठीतल्या गृहस्थांनी मला सगळा बार फिरवून दाखवला, बारटेंडरची ओळख करून दिली आणि आठ वाजता ते घरी गेले. त्यांना माझ्याकडून काहीही नको होतं.

वयस्कर माणसांशी जरूर बोला. एड्सच्या वर्षांत त्यांनी मित्रांच्या अंत्ययात्रा काढल्या, औषधासाठी मोर्चे काढले, आणि बारच्या काउंटरवर बरण्या ठेवून आजाऱ्यांसाठी पैसे जमवले. हे सगळं ऐकायला मिळतं ते याच स्टुलांवर.

स्पर्शाचा नियम एकच: विचारल्याशिवाय नाही. गर्दीत खांद्याला खांदा लागतो, कुणी बोलता बोलता दंडावर हात ठेवतो. तो नको असेल तर अर्धं पाऊल मागं सरका, पुरेसं नसेल तर स्पष्ट सांगा, तरी ऐकलं नाही तर बारटेंडरला सांगा. तो मनावर घेतो. आणि तुम्हाला कुणी नाही म्हटलं तर हसून विषय बदला किंवा जागा बदला. का, म्हणून विचारत बसू नका. समोरच्यासाठी कोणतं सर्वनाम वापरायचं हे कळत नसेल तर नाव विचारा आणि नावानंच बोला.

एक कटू गोष्ट. रंगावरून वागणूक बदलते, गे बारमध्येसुद्धा. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांकडे दारात एकाऐवजी दोन-तीन ओळखपत्रं मागायची, गोऱ्यांना तसंच सोडायचं, हा प्रकार अनेक शहरांत चालायचा. १९८० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या ब्लॅक अँड व्हाइट मेन टुगेदर या संघटनेनं त्याच्याविरुद्ध काम केलं. आपल्या वाट्याला येतं ते बहुधा दुर्लक्ष, किंवा 'भारतीय मला आवडत नाहीत' असं तोंडावर सांगणं, किंवा उलट, फक्त रंगावर भाळणं. मला तिन्ही भेटलं. ज्या बारमध्ये तीन वेळा असं झालं तो सोडला आणि चार चौक पुढं दुसरा धरला. सगळं गे जग असंच आहे हा निष्कर्ष मात्र एका बारवरून काढू नका.

म्हणूनच आपल्या माणसांचे गट जोडून ठेवा. सॅन फ्रान्सिस्को बे एरियात १९८६ मध्ये त्रिकोण ही दक्षिण आशियाई समलिंगींची संस्था सुरू झाली. न्यूयॉर्कची साल्गा, वॉशिंग्टनची खुश डीसी, लॉस एंजेलिसची सतरंग पुढच्या दशकातल्या. त्यांच्या बॉलिवूड रात्री अधूनमधून एखाद्या क्लबात होतात. शंभर देशी माणसं एकाच वेळी 'हे गाणं माझं' म्हणून नाचायला धावतात, तेव्हा पुण्यातल्या गणपतीच्या मिरवणुकीत मित्रापासून अंतर राखून नाचणारा मुलगा आत कुठंतरी मोकळा होतो.

ड्रॅग शो आणि नाच

एकेकाच्या नोटा यासाठी. ड्रॅग कलाकार, म्हणजे बहुधा भडक स्त्रीवेशात कार्यक्रम करणारा पुरुष (तिला 'ती'च म्हणतात), गाण्यावर ओठ हलवत, नाचत गर्दीतून फिरते. नोट उभी धरा, ती येऊन घेते. कपड्यात खोचायला जाऊ नका, विगला हात लावू नका, अंगाला तर नाहीच. ती स्टेजवरून तुमची फिरकी घेऊ शकते. हसा, उत्तर द्या, पण कार्यक्रम स्वतःकडे ओढू नका. त्या पोशाखात बाई आहे की बाप्या, ही चौकशी करू नका. लावणीच्या फडात स्त्रीवेशातले नाचे आणि बालगंधर्वांचे शालू ज्या मातीनं डोक्यावर घेतले, त्या मातीतल्या माणसाला ही कला समजायला अडचण नसावी.

नाचायला येत नाही म्हणून भिंतीला चिकटून राहू नका. नाचाच्या जागेच्या कडेला उभं राहून पाय हलवले तरी तुम्ही नाचताच आहात. स्टोनवॉलमध्ये पोलीस येताहेत असं कळलं की पांढरे दिवे लागत आणि जोडीनं नाचणारे पुरुष लगेच वेगळे होत. आज ती धास्ती नाही, मोकळेपणानं नाचा. हातातला ग्लास मात्र काउंटरवर सोडून नाचायला जाऊ नका, आणि सोडलेला ग्लास परत उचलू नका.

मित्राला सोबत म्हणून येणाऱ्या विषमलिंगी मंडळींना एक विनंती. या, जरूर या, पण हे प्रेक्षणीय स्थळ नाही. लग्नाआधीच्या पार्टीचा घोळका घेऊन आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर कॅमेरा फिरवत येऊ नका.

फोटो, घर आणि गुप्तता

हा भाग आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे. २०१८ मध्ये भारतात कलम ३७७ मधून समलिंगी संबंध वगळले गेले, पण मावशीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपला ते लागू होत नाही. तुमचं घरी सांगून झालेलं नसेल तर बारचा फोटो, चेक-इन, टॅग टाळा. मित्रांना आधीच सांगून ठेवा. कार्डच्या पावतीवर बारचं नाव येतं. खातं कुणाबरोबर एकत्र असेल तर रोख वापरा. आणि समोर महाराष्ट्र मंडळात भेटलेला ओळखीचा चेहरा दिसला तर? तोही तिथं आला आहे. मान डोलवा, त्याची इच्छा दिसली तर बोला. बाहेर त्याचं नाव कुणाजवळही काढू नका. मला असा एकजण भेटला होता. आज तो माझा सर्वांत जवळचा मित्र आहे, आणि मंडळात अजूनही आम्ही एकमेकांना 'अहो' म्हणतो.

तब्येत आणि व्हिसा

कुणाबरोबर घरी जायचा विचार असेल तर तयारी आधीची हवी. एचआयव्ही टाळणारी प्रेप ही गोळी अमेरिकेत २०१२ पासून मान्य आहे. उपचार घेऊन रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झालेल्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधांतून एचआयव्ही पसरत नाही. मंकीपॉक्सच्या लशीचे दोन डोस २८ दिवसांच्या अंतरानं घेतात. शिकागोत हॉवर्ड ब्राउन, न्यूयॉर्कमध्ये कॅलन-लॉर्ड, बॉस्टनमध्ये फेनवे, वॉशिंग्टनमध्ये व्हिटमन-वॉकर ही केंद्रं हेच काम करतात आणि तिथं कुणी तुमच्याकडे वेगळ्या नजरेनं बघत नाही. विम्याचं पत्र टपालानं घरी येतं, त्यात तपासणीचा उल्लेख असू शकतो. चारजणांत खोली असेल तर विमा कंपनीच्या संकेतस्थळावर कागदी पत्र बंद करून घ्या.

अनोळखी गोळी किंवा द्रव घेऊ नका. जीएचबी, ज्याला नुसतं 'जी' म्हणतात, दारूवर घेतलं तर श्वास थांबू शकतो. कुणी शुद्ध हरपून पडलेला दिसला तर बारटेंडरला सांगा आणि ९११ लावा.

व्हिसावर असाल तर दोन गोष्टी डोक्यात पक्क्या ठेवा. दारू पिऊन गाडी चालवताना अटक झाली तर खटल्याचा निकाल लागायच्या आधीच अमेरिकेचं परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं. आणि गांजा राज्यात कायदेशीर असला तरी केंद्रीय कायद्यानं तो गुन्हाच आहे. परदेशी नागरिकाला तो महागात पडतो.

निघताना

आत शिरल्यावर पाच मिनिटांत दुसरं दार कुठं आहे ते बघून ठेवा. ऑरलँडोच्या पल्स क्लबमध्ये १२ जून २०१६ ला, लॅटिन रात्रीच्या शेवटी, एका बंदूकधाऱ्यानं ४९ जणांचे जीव घेतले. न्यू ऑर्लीन्सच्या अपस्टेअर्स लाउंजला २४ जून १९७३ ला आग लावली गेली, ३२ जण गेले. काहींचे देह घरच्यांनी ताब्यातही घेतले नाहीत. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. मी आजही दर आठवड्याला जातो. फक्त दार बघून बसतो.

बंद व्हायच्या आधी बारटेंडर लास्ट कॉल पुकारतो. कॅलिफोर्निया, टेक्सस, सिअॅटलमध्ये साधारण दोनला बंद होतं, न्यूयॉर्कमध्ये चारला, शिकागोत बहुतेक दोनला आणि उशिराचा परवाना असलेले काही त्याहून पुढं. परतीची सोय आधी बघा. न्यूयॉर्कचा सबवे आणि शिकागोची रेड लाइन रात्रभर चालतात. बे एरियाची बार्ट ही लोकल मध्यरात्रीच्या सुमारास थांबते आणि फ्रीमाँटचा माणूस कॅस्ट्रोत अडकतो. गाडी मागवली तर बसण्याआधी नंबर जुळवा. कुणाकडे जात असाल तर पत्ता एका मित्राला पाठवून ठेवा.

टॅब बंद करा, कार्ड परत घ्या, कोटाचा बिल्ला काढा. बारटेंडरला नाव विचारून घ्या आणि तुमचं सांगा. पुढच्या मंगळवारी त्याच वेळी, त्याच स्टुलावर बसा. मला चौथ्या मंगळवारी मी तोंड उघडायच्या आधीच समोर कागदी नॅपकिन ठेवून त्यानं विचारलं होतं, 'नेहमीचंच ना?'